२८ किलोमीटरवरचा मुक्काम : त्र्यंबकमधले चार दिवस

नाशिकच्या घरात पाहुणे उतरले की त्यांचा कार्यक्रम आधीच ठरलेला असतो. सकाळी मिसळ, मग पंचवटी, रामकुंड, काळाराम आणि जेवणे उरकल्यावर त्र्यंबक. दिवेलागणीपर्यंत सगळे परत घरी. अशा फेऱ्यांमध्ये मी त्र्यंबकला तीस वेळा तरी गेले असेन आणि त्यातल्या निम्म्या वेळा पाहुण्यांच्या चपला सांभाळत बाहेरच उभी राहिले असेन. पण तिथे एक रात्र काढल्याची आठवण माझ्याजवळ नव्हती. सॅक पाठीवर टाकून बदामीला, बुंदीला, ओर्छ्याला चार-चार दिवस रेंगाळलेल्या माणसाने स्वतःच्या जिल्ह्यातले २८ किलोमीटरवरचे गाव असे उरकत राहावे, हे माझे मलाच विचित्र वाटू लागले, आणि गेल्या भाद्रपदात गणपती बोळवून झाल्यावर मी चार दिवसांचे कपडे भरून निघाले. घरी सांगितले तेव्हा वडिलांनी फक्त विचारले, “रात्री परत येता येत नाही का?”

पहिला दिवस, शनिवार

जुन्या सीबीएसवरून त्र्यंबकची बस मिळायला फारसे थांबावे लागत नाही. बायकांना एसटीत अर्धे तिकीट झाल्यापासून गाडी भरूनच निघते, पण सातपूरला कामगार उतरले की खिडकीची जागा मिळते. महिरावणी मागे पडली की डावीकडे अंजनेरीचा प्रचंड कडा दिसू लागतो. त्या दिवशी मात्र तो ढगात होता आणि पायथ्याची भातखाचरे तेवढी हिरवीगार चमकत होती.

घोळ झाला तो खोलीचा. आठवडाभर आधी फोनवर ठरवलेली खोली तिथल्या व्यवस्थापकाने नारायण नागबलीसाठी आलेल्या एका मोठ्या कुटुंबाला देऊन टाकली होती, आणि त्याचे त्याला काहीच वाटत नव्हते. हा विधी तीन दिवस चालतो आणि तो पुरा होईपर्यंत यजमानाने गाव सोडायचे नसते. त्यातून पितृपक्ष, म्हणजे त्रिपिंडी श्राद्धासाठी आलेल्यांची भर. दुसऱ्या ठिकाणी “एकट्या बाईला खोली देत नाही” असे शांतपणे सांगण्यात आले. ओळखपत्र, नाशिकचा पत्ता, नोकरी, काही काही उपयोगाला आले नाही. बाहेर पाऊस, पाठीवर भिजलेली सॅक. समोरच्या टपरीवर चहा घेताना चहावाल्याने हे सगळे ऐकून घेतले आणि दुकान पोराच्या हवाली करून मला कुशावर्त कुंडाच्या मागच्या गल्लीत नेऊन सोडले. तिथल्या काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळले. “जेवतेस ना सगळं? मग झालं,” म्हणून त्यांनी माडीवरची खोली उघडून दिली. रोजचे सहाशे रुपये आणि जेवणाचे वेगळे.

तेव्हा पितृपक्षात, श्रावणातल्या सोमवारांना आणि निवृत्तीनाथांच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे पौष वद्य एकादशीच्या आगेमागे, जाणार असाल तर फोनवरच्या शब्दावर विसंबू नये. थोडे पैसे आधी पाठवून पावती मागावी, किंवा सरळ सकाळीच पोहोचून घरगुती खोल्यांची चौकशी करावी. गावात त्या पुष्कळ आहेत, पण पाट्या कमी घरांवर आहेत.

पाट्या दिसतात त्या दुसऱ्याच. संध्याकाळी पाऊस उघडल्यावर मी गल्ल्यांतून हिंडले, तर घरटी एक फलक होता : कालसर्प, त्रिपिंडी, नारायण नागबली, आणि वर ठळक अक्षरांत ‘ताम्रपत्रधारी’. पेशव्यांनी ज्यांच्या पूर्वजांना पौरोहित्याचा हक्क लिहून दिला ती ही घराणी, असे त्याचे सांगणे. फलकांच्या मागे मात्र अजून बरेच जुने लाकूड शिल्लक आहे. झिजलेले उंबरे, कोरीव खांब, दारातून आतपर्यंत दिसणारा चौक आणि त्यात वाळत घातलेली डझनभर पांढरी धोतरे. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ते खणलेले असल्यामुळे दर दहा पावलांवर चिखल चुकवावा लागत होता.

रात्री पिठले, नागलीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. नागलीची भाकरी गरम असताना आणि पाच मिनिटांनी, हे दोन वेगळे पदार्थ असतात. काकू म्हणूनच तव्यावरून थेट ताटात वाढत होत्या आणि मी बोलायला लागले की “आधी खा” म्हणत होत्या. दहानंतर गाव निजले, घंटा थांबल्या, आणि माझ्या खिडकीखालून पाण्याचा सलग आवाज येऊ लागला. पावसाळी गटार असेल म्हणून मी कूस बदलली.

दुसरा दिवस, रविवार

“गटार कसलं? गोदावरी आहे ती,” पहाटे चहा देताना काकू म्हणाल्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा जवळच घाटाच्या पायऱ्या होत्या आणि भांडी, धुणे सगळे नदीवर होत असे. मध्यंतरी गावातल्या पात्रावर काँक्रीटचा स्लॅब पडला आणि नदी रस्त्याखाली गेली. मी एवढ्या वेळा ज्या रस्त्यावरून देवळाकडे गेले होते, तो नदीवरूनच जात होता तर. ज्या नदीसाठी अख्ख्या भारतातून माणसे इथे येतात, ती गावात आल्याबरोबर झाकून टाकायची, हा व्यवहार माझ्या गळी उतरत नाही. गोदेचे नाव तर आमच्याकडे सगळ्याला असते : बायकांना, पतपेढ्यांना, मंगल कार्यालयांना. निफाड तालुक्यातल्या आमच्या मळ्यातल्या विहिरीलासुद्धा गोदीची विहीर म्हणतात.

मंदिर पहाटे साडेपाचला उघडते आणि तेव्हा जाणे हाच शहाणपणा. नऊनंतर रांगेत दोन-तीन तास सहज जातात. अंधारात काळा दगड ओला होऊन आणखी काळा दिसत होता. हे बांधकाम नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये सुरू करवले आणि ते पुरे झाले १७८६ मध्ये. नानासाहेब १७६१ मध्येच गेले, म्हणजे कळस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. आतली पिंडी इतर ज्योतिर्लिंगांसारखी उंचवट्याची नाही. तिथे खळगा आहे आणि त्यात ब्रह्मा, विष्णू, महेश यांची अंगठ्याएवढी तीन लिंगे. गाभाऱ्यात सर्वांना प्रवेश नसल्याने दर्शन दुरूनच घ्यावे लागते, वर लावलेल्या आरशात. मला त्या आरशापेक्षा बाहेरच्या भिंतींपाशी जास्त वेळ काढावासा वाटला, कारण एकदा दर्शन झाले की शिल्पांकडे कोणी बघत नाही आणि तिथे आपण एकटे असतो.

या देवाचा एक हिरा होता. तो पुढे पेशव्यांच्या खजिन्यात गेला आणि १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या पाडावानंतर इंग्रजांच्या हाती पडून लंडनच्या बाजारात पोहोचला. जगातले जवाहिरे त्याला ‘नासक’ म्हणून ओळखतात, म्हणजे आपल्या नाशिकच्याच नावाने. पुन्हा पुन्हा पैलू पाडून तो आज ४३.३८ कॅरटचा उरला आहे आणि खासगी मालकीत आहे. देवळाबाहेर रुद्राक्ष विकणाऱ्याला मी हे सांगितले. तो म्हणाला, “ताई, देवाचं काय जातंय, दुसरा येतो.”

तिथून कुशावर्त. चहूबाजूंनी दगडी ओवऱ्या, मधोमध कुंड आणि त्यात गुडघाभर, कमरभर पाण्यात उभी असलेली माणसे. गौतम ऋषींना गोहत्येचे पाप लागले, त्यांनी तपाने गंगा, म्हणजे हीच गोदावरी, गावामागच्या ब्रह्मगिरी डोंगरावर आणली, ती ठरेना म्हणून कुश गवताच्या आवर्तनाने तिला अडवली, ते हे कुंड. सिंहस्थात शैव आखाड्यांचे स्नान इथे होते आणि वैष्णवांचे नाशिकला रामकुंडावर. त्या सकाळी मात्र आखाडे नव्हते. एक मध्यमवयीन माणूस पाण्यात उभा राहून ओंजळीतून तिळाचे पाणी सोडत होता आणि गुरुजी सांगतील ती नावे म्हणत होता. आजोबांचे नाव आले तेव्हा तो अडला. त्याने काठावरच्या बायकोकडे पाहिले. तिलाही आठवेना. शेवटी फोन काढून तिने कोणाला तरी विचारले आणि नाव ओरडून सांगितले.

तो प्रसंग पाहून मला आमच्या घराण्याची नामावळी शोधायची बुद्धी झाली. त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे येणाऱ्या यजमानांच्या वंशावळीच्या वह्या असतात, आणि कोणत्या भागातली, कोणत्या आडनावाची माणसे कोणाकडची हे परंपरेने ठरलेले असते. पहिल्या घरी “निफाड आमच्याकडे नाही” असे सांगून दुसरीकडे पाठवले. दुसऱ्या घरी गाव होते, आडनाव नव्हते. तिसऱ्या घरी गुरुजी नुकतेच पूजेवरून आले होते. त्यांनी हातपाय धुतले, लाल फडक्यात बांधलेल्या लांबट वह्यांची चळत उतरवली आणि पानांना जवळजवळ न बघताच बोट फिरवत एका ठिकाणी थांबले. शके १८५४, म्हणजे १९३२ चा सिंहस्थ. मजकूर मोडी लिपीत होता. मला त्यातले एक अक्षरही लागेना, पण शाई अजून काळीभोर होती आणि शेवटच्या ओळीत लेखणी जोरात टेकल्यामुळे कागद किंचित फाटला होता. ती माझ्या पणजोबांची सही.

गुरुजींनी वाचून दाखवले : पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे, आजोबांचे, मग बायकोचे, दोन मुलांची आणि तीन मुलींची. “मुलींची नावं सहसा घालत नसत,” ते म्हणाले, “यांनी आवर्जून घातलेली दिसतात.” ठकू आणि सीता या दोघी मला ऐकून माहीत होत्या. तिसरे नाव गोदावरी. पुढची नोंद शके १८६६ ची, म्हणजे १९४४ च्या सिंहस्थाची. तिच्यात मुली दोनच होत्या.

गुरुजींनी दक्षिणा मागितली नाही; मी दिली ती त्यांनी वहीवर ठेवली आणि माझे नाव, माझ्या भावाचे नाव खाली देवनागरीत लिहून घेतले. वह्या बघायला जाणाऱ्यांनी दुपारी दोननंतर जावे, सकाळी ही मंडळी पूजेत असतात. मूळ गाव, तालुका आणि जुने आडनाव ठाऊक असायला हवे. पानांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नयेत.

काकूंच्या घरी त्या दिवशी सासऱ्यांची तिथी होती, त्यामुळे दुपारचे जेवण लांबले आणि त्याचे सोने झाले. तांदळाची खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी, गवार, भोपळा, अळू, कढी. कावळ्याच्या घासासाठी आम्ही सगळे गच्चीवर ताटकळलो होतो. अर्धा तास एकही कावळा फिरकला नाही, मग एक माकड आले आणि द्रोणासकट पान घेऊन गेले. श्राद्धाच्या गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि “चालेल” म्हणाले.

संध्याकाळी गंगासागर तलावाच्या बाजूला निवृत्तीनाथांच्या समाधीपाशी बसले. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करताना वाघाच्या भीतीने भावंडांची फाटाफूट झाली, निवृत्ती एका गुहेत शिरला आणि तिथे त्याला गहिनीनाथ भेटले, ही कथा आपण शाळेत ऐकतो. थोरला भाऊ, पण धाकटी तिन्ही भावंडे आधी गेली आणि शके १२१९ मध्ये, म्हणजे १२९७ साली, शेवटी याने इथे देह ठेवला. मंदिरात सात-आठ म्हातारे वारकरी हरिपाठ म्हणत होते. एकाचा टाळ फुटका होता आणि त्याचा आवाज दर वेळी अर्धा क्षण मागून येत होता.

रात्री वडिलांना फोन केला. पणजोबांची सही सापडल्याचे ऐकून ते खूश झाले. गोदावरीचे नाव काढले तर म्हणाले, “मुली दोनच. चुकून लिहिलं असेल कोणी.” मग थोड्या वेळाने, “ओझरच्या आत्याला विचारतो.”

तिसरा दिवस, सोमवार

ब्रह्मगिरी सुमारे १,३०० मीटर उंच आहे आणि वाट बरीचशी पायऱ्यांची आहे. या पायऱ्या १९०८ मध्ये कराचीच्या एका शेठजींच्या पैशातून झाल्या. पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरते, म्हणून तळाला चांगली पकड असलेले बूट आणि हातात काठी हवीच. काठी पायथ्याशी भाड्याने मिळते. ती तोल सांभाळायला कमी आणि माकडांना दाखवायला जास्त लागते. मी साडेसहाला निघाले. कातळात खोदलेल्या दरवाजापर्यंत पोहोचताना धुके इतके दाट झाले की पुढच्या चार पायऱ्यांपलीकडे काही दिसेना. तिथेच माझ्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यातला भडंगाचा पुडा एका माकडाने अशा सफाईने काढला की चेन पुन्हा लावली असती तरी मला नवल वाटले नसते.

माथ्यावर सोनकी फुलायला लागली होती. धुक्यात पिवळे ठिपके आणि मधूनच वाऱ्याने उघडणारी एखादी खिडकी, एवढेच दृश्य. मूळ गंगेच्या देवळात गोमुखातून बारीक धार पडते. थोड्या अंतरावर जटामंदिर; शंकराने जटा आपटल्या त्या खुणा कातळावर दाखवतात. देवळाजवळ प्लास्टिकच्या कागदाखाली एक ठाकर मावशी लिंबूसरबत आणि काकड्या विकत बसल्या होत्या. रोज पहाटे खालून माल डोक्यावर घेऊन येतात. मी काकडी खात असताना त्यांनी हाताने मधला उंचवटा दाखवला. “हिकडं पडला त्यो पाऊस गंगंला, तिकडं पडला त्यो वैतरणीला.”

भूगोलाच्या पुस्तकात जलविभाजक हा शब्द पाठ केला होता, पण तो असा काकडीच्या फोडीने दाखवलेला कधी पाहिला नव्हता. पलीकडच्या उतारावरचे पाणी वैतरणेतून अरबी समुद्राकडे जाते, आणि वाटेतल्या ऊर्ध्व वैतरणा धरणात अडले तर मुंबईच्या नळाला येते. अलीकडचे पाणी समुद्र अवघ्या ८० किलोमीटरवर असताना त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. मध्ये अंतर एका ओट्याएवढे.

दुर्गभांडार मात्र राहिले. दोन डोंगरांना जोडणारी अरुंद दगडी भिंत आणि कातळात खणलेला जिना यांसाठी गिर्यारोहक मुद्दाम येतात. ती भिंत सुरू होते तिथवर मी गेले. दोन्ही बाजूंना धुक्याशिवाय काही नव्हते आणि वारा ढकलत होता. मागे फिरले. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी ब्रह्मगिरीवरचा हा त्र्यंबकगड स्वराज्यात आणला, त्यांच्याइतकी मला घाई नव्हती. दुर्गभांडार करायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, कोरड्या हवेत आणि सोबत घेऊन.

उतरताना गंगाद्वाराकडे वळले. सातशेच्या वर पायऱ्या आहेत, शेजारी १०८ शिवलिंगांची गुहा आणि गोरखनाथांची गुहा. वर पुन्हा एक धार, हातभर कुंड. तिथे एक तेलुगू कुटुंब बसले होते. आजोबा ८२ वर्षांचे, डोलीतून आलेले. नात हिंदी बोलणारी. ते राजमहेंद्रीजवळच्या गावचे. त्यांच्या गावी नदीचे पात्र इतके रुंद आहे की तिच्यावरचा पूल चार किलोमीटरहून लांब आहे आणि पुरात पलीकडचा काठ दिसत नाही. आजोबांनी बोट धारेखाली धरले, मग काढले, मग पुन्हा धरले. नातीला काहीतरी म्हणाले आणि दोघेही हसू लागले. “आजोबा म्हणतात, माझ्या बोटाने गोदावरी थांबली.”

बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे सिंहस्थ आणि त्यांच्याकडे पुष्करालु, हे मला त्यांच्याकडून कळले. २०१५ मध्ये आमच्याकडे सिंहस्थाची गर्दी होती, त्याच जुलैत ते आपल्या घाटावर बुडी मारत होते. एकाच नदीच्या दोन टोकांना एकच पंचांग, आणि मधल्या माणसांना त्याचा पत्ता नाही. त्यांनी मला अर्धा डबा पुलिहोरा दिला, चिंचेचा आंबट, कढीपत्त्याचा भात. भडंग गमावलेल्या माणसाला तो किती गोड लागला असेल ते सांगायला नको.

सोमवारी त्र्यंबकमध्ये असाल तर दुपारनंतर कुठे जाऊ नका. चारच्या सुमारास देवाचा रत्नजडित मुकुट दर्शनाला ठेवतात आणि नंतर पंचमुखी मुखवट्याची पालखी वाजतगाजत कुशावर्तावर स्नानाला जाते. आम्ही गल्लीत उभे होतो. पालखी येताच काकूंनी उंबऱ्यावर पाणी ओतले, पदर खोचला आणि मला पुढे ढकलले. मुखवटा माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला. भोयांपैकी एकाच्या खांद्यावर जुनी, पांढरी पडलेली गाठ होती, दांडा बरोबर तिच्यावर बसला होता.

चौथा दिवस, मंगळवार

काकूंचा हिशेब झाला. त्यांनी श्राद्धाच्या जेवणाचे पैसे घेतले नाहीत, “ते विकायचं नसतं” म्हणाल्या. सात वाजता नाशिकच्या बसने अंजनेरी फाट्यावर उतरले.

अंजनेरीला हनुमानाचे जन्मस्थान म्हणून बरेच लोक थेट गडावर जातात आणि पायथ्याशी पडलेल्या देवळांकडे ढुंकूनही बघत नाहीत. शेतांमध्ये, बाभळींच्या आड अशी हिंदू आणि जैन मंदिरे विखुरलेली आहेत. काहींची शिखरे गेली आहेत, काहींच्या चौकटीवरची नक्षी अजून टवटवीत आहे. इथल्या एका जैन मंदिरात यादवकाळातला ११४२ सालचा शिलालेख आहे, त्यात देवाला दिलेल्या दानाची नोंद आहे. मी गेले तेव्हा शेजारच्या खाचरात एक जण गुडघाभर चिखलात खत टाकत होता. देवळे कोणाची म्हणून विचारले, तर “आमच्या बांधावर आहेत, पण सरकारची,” असे नेमके उत्तर आले.

नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली संस्थाही याच गावात आहे. १९८० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या संग्रहालयात ठसे उमटवलेल्या प्राचीन आहत नाण्यांपासून पुढचा सगळा प्रवास मांडून ठेवला आहे. नाशिककरांपैकी शंभरातल्या पाचांनी तरी ते पाहिले असेल की नाही, शंका आहे. मी तासाभरासाठी गेले आणि अडीच तासांनी बाहेर आले.

पठारावर जायला मग वेळ थोडाच उरला, तरी एका गोष्टीसाठी गेले. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी इथल्या एका कंदीलपुष्पाची नवी जात म्हणून नोंद केली आणि तिला या डोंगराचेच नाव दिले : सेरोपेजिया अंजनेरिका. गुरे चारणारा एक मुलगा सोबत आला. पायवाटेपासून दूर, गवतात गुडघे टेकून त्याने दाखवले तेव्हाच दिसले : दोन बोटांत मावेल एवढा फिकट कंदील, वर जोडलेल्या पाकळ्या, आत शिरलेली एक बारीक माशी. “उपटू नका हं,” तो मला बजावून गेला. पावसाळ्यात पठारावर जाल तर वाट सोडून फिरू नका, पायाखाली काय आहे ते कळत नाही.

फाट्यावर बसची वाट पाहत असताना वडिलांचा फोन आला. ओझरच्या आत्याशी बोलणे झाले होते. गोदावरी होती. ठकू आणि सीता यांच्या मधली. आत्याने आपल्या आजीकडून एकदाच ऐकले होते, पुन्हा विचारायची सोय नव्हती. सहा-सात वर्षांची असताना गेली, मळ्यातच.

“त्या विहिरीचं पाणी आपण देवाला का घेत नाही, हे मी लहानपणी विचारायचो,” वडील म्हणाले. “मला वाटायचं खारं असेल.”

एक बस न थांबता निघून गेली. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “सर्वपित्रीला कुशावर्तावर पाणी द्यायचं तर फार गर्दी असते का?”

असते, मी म्हटले, पण आदल्या रात्री मुक्कामाला गेले आणि पहाटे पाचला खाली उतरले तर निवांत होते. खोली काकूंकडे मिळेल.

“दोघांची सांगून ठेव,” ते म्हणाले.